प्रश्न वाचकांचे : डंकेल, सिएटल आणि आपलं पूनम गेट

मागच्या अंकात जागतिक व्यापार संघटनेवर लेख आला होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यातल्या सहांची उत्तरं इथे देत आहोत.

डंकेल प्रस्तावाच्या वेळी काही शेतकरी संघटना विरोधात मोर्चे काढत होत्या आणि काही पाठिंब्यासाठी. दोघंही शेतकऱ्याचंच नाव घेत होते. मग बरोबर कोण होतं?
— निवृत्त शिक्षक, मोहोळ

दोन्ही बाजू एकाच मसुद्याच्या वेगवेगळ्या भागांवर बोट ठेवत होत्या, म्हणून हा गोंधळ झाला. गॅट या जागतिक व्यापार संघटनेआधीच्या व्यवस्थेचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये नव्या व्यापार कराराचा मसुदा मांडला. १५ एप्रिल १९९४ ला माराकेशमध्ये त्यावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. मसुद्यात शेतीचं अनुदान आणि आयात हा एक भाग होता, पेटंट आणि बियाणं हा दुसरा.

कर्नाटक राज्य रयत संघानं, म्हणजे प्रा. एम. डी. नंजुंडस्वामींच्या संघटनेनं, दुसरा भाग धरला. डिसेंबर १९९२ मध्ये बंगळुरात कारगिल कंपनीच्या कार्यालयातली कागदपत्रं बाहेर काढून जाळली गेली. जुलै १९९३ मध्ये बळ्ळारीत याच कंपनीच्या बियाणे प्रकल्पावर मोर्चा गेला. २ ऑक्टोबर १९९३ ला बंगळुरात बीज सत्याग्रहाची मोठी सभा झाली. मागणी एकच होती : घरचं बियाणं ठेवण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क कोणत्याही करारानं जाऊ नये.

महाराष्ट्रात शरद जोशींनी पहिला भाग धरला. सरकार निर्यातबंदी आणि लेव्ही (सक्तीची खरेदी) लावून भाव पाडतं, त्यामुळे भारतीय शेतकऱ्याला मिळणारी सबसिडी उणे आहे. करारानं अनुदानांवर मर्यादा आली तर आपलं जातं काय, असा त्यांचा हिशेब होता. आकडे त्यांच्या बाजूचे होते. सरकारनं स्वतः जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या हिशेबातही आपला आधार उणेच निघाला होता.

आमचं मत स्पष्ट आहे. उणे सबसिडीचं निदान अचूक होतं, पण श्रीमंत देश आपली अनुदानं खरोखर कमी करतील ही अपेक्षा फोल ठरली. त्यांनी मोठा हिस्सा करारात मुभा असलेल्या ‘ग्रीन बॉक्स’मध्ये हलवला. बियाण्याच्या बाजूनं मात्र विरोधाला पक्कं यश आलं. ते कसं, हे मंगळवेढ्याच्या प्रश्नाच्या उत्तरात पाहा.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला रस्त्यावरच्या लोकांनी जागतिक व्यापार संघटनेची परिषद अडवली असं वाचलं. एवढा पोलीस बंदोबस्त असताना हे प्रत्यक्षात केलं कसं?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

३० नोव्हेंबर १९९९ ला सकाळी पॅरामाउंट थिएटरात उद्‌घाटन व्हायचं होतं. प्रतिनिधींना तिथपर्यंत पोचताच आलं नाही आणि कार्यक्रम रद्द झाला. त्या दिवशी शहरात चाळीस ते पन्नास हजार लोक होते असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यातला मोठा भाग कामगार संघटनांच्या मोर्चात होता, आणि तो मोर्चा दुपारी निघाला. प्रत्यक्ष अडवणूक काही हजार माणसांनी केली आणि ती सकाळी सातपासूनच सुरू झाली होती.

या काही हजारांची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. एकक होतं पाच ते वीस जणांचा गट. गटातली माणसं आधीपासून एकमेकांना ओळखणारी. ही पद्धत स्पेनमधल्या अराज्यवादी चळवळीतून आली आणि अमेरिकेत अणुऊर्जाविरोधी आंदोलनात रुळली. गटात कामं आधीच वाटलेली असत : कोण अटक करवून घेणार, कोण काहीही झालं तरी अटकेबाहेर राहणार, प्रथमोपचार कुणाकडे, पोलिसांच्या कारवाईची वेळ आणि बिल्ला क्रमांक कोण लिहिणार, आणि समन्वय बैठकीत गटातर्फे कोण बोलणार. बैठकीत प्रतिनिधी पुढे बसे, त्याचा गट त्याच्या मागे. गटानं जे ठरवलं तेवढंच तो बोलणार. नवा मुद्दा निघाला की मागे वळून विचारायचं, मगच हो म्हणायचं.

परिषदेच्या जागेभोवतालचा भाग केक कापावा तसा तेरा तुकड्यांत वाटला होता. एकेका तुकड्याची जबाबदारी काही गटांच्या समूहानं घेतली. तो चौक कसा अडवायचा हे त्यांचं त्यांनी ठरवायचं; कुणी साखळी करून बसलं, कुणी नाटक केलं. काही गट मोकळे ठेवले होते, जिथे फळी कमजोर पडेल तिथे धावायला. काहींनी नळ्या वापरल्या : नळीच्या मध्यावर आडवी खीळ बसवलेली, मनगटाला साखळी आणि साखळीला कडी. दोन्ही बाजूंनी हात घालून कडी खिळीत अडकवायची. आतला माणूस स्वतः कडी सोडवू शकतो, बाहेरच्याला मात्र ती सुटत नाही. म्हणून पोलिसांना एकेक जोडी कापावी लागे आणि त्यात वेळ जाई. कुठेही एक नेता नव्हता, त्यामुळे एकाला उचलल्यानं काही थांबलं नाही.

आता बिघडलं काय, तेही सांगायला हवं. सर्व गटांनी चार नियम मान्य केले होते : शारीरिक किंवा शाब्दिक हिंसा नाही, शस्त्र नाही, दारू किंवा अमली पदार्थ नाहीत, मालमत्तेची मोडतोड नाही. पण हे नियम न मानणारी एक छोटी टोळी वेगळी फिरत होती. तिनं दुकानांच्या काचा फोडल्या आणि टीव्हीवर त्याच काचा दिसत राहिल्या. नियम फक्त बैठकीला येणाऱ्यांना लागू होते, बाहेरच्यांसाठी काहीच ठरलेलं नव्हतं. बैठकाही तासन्‌तास चालत, त्यामुळे घरी मुलं असलेल्यांना आणि पाळीवर जाणाऱ्यांना त्या परवडत नसत. ही या पद्धतीची खरी कमजोरी आहे आणि ती आजही कायम आहे.

महापौरांनी आणीबाणी आणि संचारबंदी लावली, नॅशनल गार्ड बोलावले, पाचशेहून जास्त लोकांना पकडलं. पुढे पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला. एका बागेत सरसकट केलेल्या अटकांबद्दल शहराला २००७ मध्ये दहा लाख डॉलर भरपाई द्यावी लागली.

एक गोष्ट आंदोलनाच्या आठवणींतून नेहमी गळते. वाटाघाटी फक्त रस्त्यामुळे मोडल्या नाहीत. मोजक्या देशांच्या बंद खोलीतल्या चर्चेतून आपल्याला वगळलं, म्हणून आफ्रिका आणि कॅरिबियन देशांचे प्रतिनिधी आतच बिथरले होते. कामगार हक्कांचं कलम व्यापार करारात घालावं, असा अमेरिकी कामगार संघटनांचा आग्रह होता. भारतानं, तेव्हाचे वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांनी, त्याला ठाम विरोध केला. कारण असं कलम आलं की त्याच्या आडून गरीब देशांचा माल अडवता येतो, अशी धास्ती होती. म्हणजे रस्त्यावरच्या मोर्चाची एक प्रमुख मागणी सोलापूरच्या टॉवेलला अडचणीची ठरू शकली असती. चळवळीचा अभ्यास करताना हा पेच टाळू नका.

आम्ही चाळीसेक यंत्रमाग कामगार आहोत. परदेशांशी होणाऱ्या व्यापार करारांत आमचं म्हणणं ऐकावं म्हणून पूनम गेटवर धरणं धरायचं आहे. तयारी कशी करावी?
— कामगार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

आधी मागणी कुणाकडे आहे ते ठरवा, कारण बहुतेक धरणी इथेच वाया जातात. परदेशांशी करार आणि परदेशी व्यापार हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय तुमचं निवेदन पुढे पाठवू शकतं, त्यापलीकडे काही नाही. म्हणून निवेदन केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला उद्देशून लिहा, प्रत वस्त्रोद्योग मंत्रालयाला, खासदारांना आणि संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीला. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत एक, टपालानं एक. मागण्या तीनपेक्षा जास्त नकोत. चौदा मागण्या लिहिल्या की उत्तर देणारा सर्वांत सोप्या मागणीचं उत्तर देतो आणि फाइल बंद करतो. ‘करार रद्द करा’ यापेक्षा ‘टेरी टॉवेल आणि चादर संवेदनशील (शुल्क-सवलतीपासून जपायच्या) वस्तूंच्या यादीत ठेवा’ ही मागणी नेमकी आहे, तिचं हो किंवा नाही असं उत्तर मागता येतं.

चाळीस माणसांचे चार गट पाडा. कारखान्यानुसार पाडू नका, राहण्याच्या वस्तीनुसार पाडा. मालकानं एखाद्या कारखान्यावर दबाव आणला तर अख्खा गट एकदम गळत नाही. प्रत्येक गटात एक प्रतिनिधी, एक नोंद ठेवणारा, एक पाणी आणि औषधं बघणारा. शिवाय दर गटातला एकजण धरण्याला बसणारच नाही. तो घरी किंवा कामावर राहील, त्याच्याकडे सगळ्यांची नावं, घरचे फोन आणि वकिलाचा नंबर कागदावर असेल. कागदावर यासाठी, की मोबाइल काढून घेतले जातात किंवा ऐन वेळी बॅटरी संपते.

मजुरी नगावर असेल तर दिवसभर चाळीस जण बसवू नका. सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत दोन गट, पुढचे दोन तास दुसरे दोन. तिसऱ्या दिवशी माणसं गळायला लागतात ती निष्ठा कमी पडते म्हणून नव्हे. बुडालेली मजुरी हे त्याचं कारण असतं.

परवानगीचा अर्ज हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आणि पोलीस आयुक्तालयात, निदान आठ दिवस आधी. त्यात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जागा, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक असेल की नाही, आणि दोन-तीन जबाबदार माणसांची नावं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. चार हुतात्मा पुतळ्यापासून मोर्चानं यायचं असेल तर मार्ग वेगळा लिहावा लागतो. मोर्चा आणि धरणं या दोन वेगळ्या परवानग्या समजा.

त्या तारखेला शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा जमावबंदी आदेश आहे का, हे आदल्या दिवशी पुन्हा तपासा. हा आदेश साधारण पंधरा दिवसांचा असतो आणि सणवार, निवडणूक अशा वेळी पुन्हापुन्हा निघतो. तुम्ही अर्ज दिला तेव्हा नसेल, पण धरण्याच्या दिवशी लागू असेल, असं घडतं. मग पाच किंवा त्याहून जास्त माणसं एकत्र आल्याबद्दल गुन्हा नोंदतात आणि खटला वर्षानुवर्षं डोक्यावर राहतो. ताब्यात घेतलंच तर अटकेचं कारण विचारा, घरच्यांना कळवायला सांगा. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं. अपवादात्मक कारण आणि न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी असल्याशिवाय सूर्यास्तानंतर महिलांना अटक करता येत नाही. हे चारही गटांना आधी सांगून ठेवा, ऐन गडबडीत समजावणं जमत नाही.

शेवटी दहा मिनिटं चौघा प्रतिनिधींनी एकत्र बसायचं, काय घडलं ते लिहून काढायचं आणि आपापल्या गटाला त्याच संध्याकाळी सांगायचं. प्रतिनिधी बैठकीत बोलतात पण परतून सांगत नाहीत, तिथेच गट फुटायला सुरुवात होते.

मी मंगळवेढ्यात मालदांडी ज्वारी करतो. घरचं बियाणं शेजारच्या गावात विकलं तर कंपनी दावा लावू शकते का?
— शेतकरी, मंगळवेढा

मालदांडी हे जुनं, सगळ्यांचं वाण आहे. त्यावर कुणा कंपनीची मालकी नाही. पण प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण एखाद्या कंपनीचं नोंदणीकृत वाण तुम्ही पेरलं तरी उत्तर तुमच्याच बाजूनं आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स (बौद्धिक संपदेवरच्या) करारातल्या कलम २७.३(ब) नुसार वनस्पतींच्या वाणांना पेटंट द्या, स्वतःची वेगळी परिणामकारक व्यवस्था उभी करा किंवा दोन्ही एकत्र वापरा, एवढेच पर्याय होते. करारावर सही करण्यापूर्वी आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाही, त्यामुळे १९९४ ला आंदोलन सही थांबवू शकलं नाही. पण करार अमलात आणायला कायदा करावा लागतो आणि तिथे संसद येते. १९९९ चं विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, शेतकरी संघटनांनी आणि बियाणे कार्यकर्त्यांनी तिथे जोर लावला, आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण कायद्यात आलं. तोच २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा.

त्याच्या कलम ३९(१)(iv) नुसार शेतकरी आपल्या शेतातलं उत्पादन, संरक्षित वाणाच्या बियाण्यासकट, साठवू, वापरू, पेरू, पुन्हा पेरू, देऊ-घेऊ आणि विकू शकतो. अट एकच : ते ब्रँडचं बियाणं म्हणून विकायचं नाही. पिशवीत भरून त्यावर संरक्षित वाणाचं नाव छापलं, की ते ब्रँडचं ठरतं. मोकळ्या पोत्यातून किंवा पायलीनं विकलं तर नाही. चूक होते ती इथेच : चांगला भाव यावा म्हणून कुणीतरी छापील लेबल लावतं आणि हक्क गमावून बसतं.

२०१९ मध्ये गुजरातेत पेप्सिको कंपनीनं बटाट्याच्या एका नोंदणीकृत वाणावरून शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर आवाज उठला, हेच कलम पुढे आलं आणि कंपनीनं दावे मागे घेतले.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या फार थोडे वापरतात. नोंदणीकृत वाणाचं बियाणं कंपनीनं सांगितल्याइतकं उत्पन्न देत नसेल तर कलम ३९(२) खाली भरपाई मागता येते. त्यासाठी बिल, पिशवी, लेबल आणि त्यावरचा लॉट क्रमांक जपून ठेवावा लागतो. पेरणीनंतर पिशवी फेकली की दावा कमकुवत होतो. दुसरं, शेतकरी किंवा गाव स्वतःचं वाण नोंदवू शकतं आणि त्याला शुल्क नाही. शेतकऱ्याच्या वाणाला नवं असण्याची अट नाही; मात्र ते इतरांपेक्षा वेगळं, एकसारखं आणि स्थिर असावं लागतं. प्राधिकरणाची शाखा पुण्यात आहे.

एक इशारा द्यायला हवा. मंजुरी नसलेलं जनुकीय बियाणं, उदाहरणार्थ तणनाशक सहन करणारा बीटी कापूस, या कलमाच्या आश्रयाला येत नाही. त्यावर पर्यावरण संरक्षण कायदा लागतो. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं तेच बियाणं जाहीरपणे पेरून उलट्या दिशेचा सत्याग्रह केला. बियाणं निवडण्याचं स्वातंत्र्य हा दोन्हीकडचा मुद्दा आहे, पण कायद्याच्या नजरेत ते वेगळे आहेत.

या आंदोलनांचा औषधांच्या किमतीशी संबंध जोडतात. तो खरा आहे का?
— औषध दुकानदार, बार्शी

खरा आहे. ट्रिप्समुळे भारताला २००५ पासून औषधांवर उत्पादन पेटंट द्यावं लागलं. त्याआधी, नोव्हेंबर २००१ मध्ये, आफ्रिकेतल्या एड्सच्या औषधांवरून झालेल्या जगभरच्या आंदोलनामुळे दोहा जाहीरनामा निघाला : सार्वजनिक आरोग्यासाठी देश पेटंटच्या नियमांतल्या सवलती वापरू शकतात. २००५ मध्ये आपला पेटंट कायदा बदलताना रुग्णांच्या संघटना आणि संसदेतले डावे पक्ष यांच्या दबावानं कलम ३(ड) कडक झालं. जुन्या औषधाचं नुसतं नवं रूप आणलं, पण त्याची परिणामकारकता वाढली नाही, तर पेटंट नाही.

रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब तुम्ही दुकानात पाहिलं असेल. त्याच्या एका रूपावरचा नोव्हार्टिसचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ ला याच कलमावर फेटाळला. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्यांचं तेच औषध दहा हजारांच्या आसपास पडत होतं. पेटंट मिळण्यापूर्वी कुणालाही कलम २५(१) खाली लेखी हरकत घेता येते. पेटंट मिळाल्यानंतर मात्र फक्त हितसंबंधी व्यक्तीला, तेही वर्षाच्या आत. बहुतेक हरकती उशिरा येतात आणि वाया जातात, कारण अर्ज प्रसिद्ध झाल्याची नोंद कुणी पाहत नाही.

सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तरी नक्कल थांबत नाही. मग या नोंदणीचा उपयोग काय? आणि आता जागतिक व्यापार संघटनाच थंडावली असताना आंदोलन तरी कुणाविरुद्ध करायचं?
— चादर-टॉवेल उत्पादक, सोलापूर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करू. जागतिक व्यापार संघटनेची कानकुनची परिषद २००३ मध्ये मोडली, अमेरिका खंडांचा मुक्त व्यापार करार २००५ मध्ये मार देल प्लातात बारगळला, आणि जागतिक संघटनेची अपील यंत्रणा डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. पण व्यापाराचे नियम बनणं थांबलेलं नाही. ते दोन किंवा मोजक्या देशांच्या करारांत गेलं, जिथे गेटसमोर बसायला एकच शहर, एकच तारीख नसते. मसुदाही सहीपर्यंत गुप्त असतो. तरी दबाव चालतो : ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला, त्याआधी न्यूझीलंडच्या दूध पावडरीच्या भीतीनं दूध उत्पादक आणि शेतकरी संघटना महिनोन्‌महिने बोलत होत्या. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारासारखे करार तुमच्या कापडाला बाजारही उघडतात. म्हणून सरसकट हो किंवा नाही म्हणण्याऐवजी प्रत्येक कराराची वस्तुयादी तपासा. आपल्या मालाचा एचएस क्रमांक (आंतरराष्ट्रीय वर्गवारीतला क्रमांक) काढा, टेरी टॉवेल ६३०२ मध्ये येतात, आणि त्यासमोर शुल्क किती वर्षांत किती उतरतं ते पाहा.

आता जीआय. हा कायदाही ट्रिप्समुळेच आला : १९९९ चा, १५ सप्टेंबर २००३ पासून लागू. त्याच काळात, १ जानेवारी २००५ ला, श्रीमंत देशांनी कापडावर लावलेले जुने आयात कोटे संपले आणि प्रत्येक केंद्राला उघड्या स्पर्धेत उतरावं लागलं. अशा वेळी नाव हीच मालमत्ता होती.

पण जीआय नावाचं रक्षण करतं, विणकामाचं नाही. दुसऱ्या गावात जेकार्ड मागावर तशीच चादर विणून ‘जेकार्ड चादर’ म्हणून विकली तर कायदा काही करू शकत नाही. तिच्यावर ‘सोलापुरी’ लिहिलं तर मात्र तो भंग आहे आणि जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. नोंदणी संस्थेच्या नावावर असली तरी प्रत्येक उत्पादकानं चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ती नसेल तर भंगाचा दावा लावण्याचा अधिकार तुमच्या हाती येत नाही. बहुतेक जण हेच करत नाहीत आणि मग नोंदणी निरुपयोगी म्हणतात. नोंद दहा वर्षांची असते, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं.

दाव्यासाठी नकली माल पक्क्या बिलावर विकत घ्या, बिलावर ‘सोलापुरी चादर’ हे शब्द असतील असं बघा, लेबल न काढता सीलबंद ठेवा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो तारखेसह घ्या. बिलावर नुसतं ‘चादर’ लिहून आणलं तर पुन्हा जाऊन दुसरं बिल करून घ्या.